जोधपूर टेकऱ्यावरून निघालेली वाहिनी
‘साइट’च्या सुवर्णमहोत्सवानिमित्त

आज एखाद्या संस्थेने छोटीशी उपग्रह वाहिनी काढायची ठरवली, तर पहिली फेरी चार्टर्ड अकाउंटंटकडे होते. केंद्र सरकारच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अर्जदार नोंदणीकृत कंपनी किंवा एलएलपी असावा लागतो. बातम्या नसलेल्या पहिल्या वाहिनीसाठी किमान ५ कोटी रुपयांचं नेटवर्थ दाखवावं लागतं, बातम्यांच्या वाहिनीसाठी २० कोटींचं. अर्ज ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर भरायचा, गृह मंत्रालयाच्या सुरक्षा मंजुरीची वाट पाहायची, अपलिंकिंग आणि डाउनलिंकिंग या दोन्ही परवानग्या पदरात पाडून घ्यायच्या. स्वतःचा टेलिपोर्ट, म्हणजे उपग्रहाकडे संदेश पाठवणारं केंद्र, उभारायची गरज नसते, दुसऱ्याच्या टेलिपोर्टवर भाड्याने जागा मिळते. उपग्रहाचंही तसंच. डिजिटल तंत्रामुळे एका ट्रान्सपाँडरवर वीसेक वाहिन्या दाटीवाटीने बसतात, त्यामुळे आकाशातला खर्च वाटून जातो. कंबरडं मोडतं ते जमिनीवर. केबलवाल्यांच्या आणि डीटीएचवाल्यांच्या यादीत वाहिनी दिसावी म्हणून कॅरेज फी मोजावी लागते आणि पुष्कळ छोट्या वाहिन्यांचा दम तिथेच संपतो.

अर्जात हे सगळं विचारलेलं असतं. पाहणारा माणूस कुठे बसून पाहणार, त्याला कोणती बोली कळते, त्याचा संच बंद पडला तर दुरुस्तीला कोण जाणार, हे मात्र अर्जात विचारत नाहीत. भारतात उपग्रहावरून जी पहिली दूरचित्रवाणी सेवा चालली, तिला नेमकी हीच उत्तरं आधी शोधावी लागली, कारण बाकी काहीच हाताशी नव्हतं. ती सेवा म्हणजे ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट’, सगळ्यांच्या तोंडी ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एकच वर्ष ती चालली. वाहिनी एक, प्रक्षेपण रोज चार तासांचं, उपग्रह दुसऱ्याचा, आणि प्रेक्षक सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांतले. अहमदाबादच्या जोधपूर टेकऱ्यावर इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आहे, ज्याला सगळे ‘सॅक’ म्हणतात. या सेवेची उभारणी तिथे झाली. वाहिनी सुरू करायला काय लागतं, या प्रश्नाला आपल्या देशात मिळालेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर म्हणून मी या इतिहासाकडे पाहतो.

मूळ कल्पना विक्रम साराभाईंची. आपल्याकडे दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला ती यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. या चालीने एकेक शहर, एकेक मनोरा असं करत गेलो तर खेड्यांचा नंबर पिढ्यानंतर लागेल, हे साराभाईंना स्पष्ट दिसत होतं. हा क्रमच उलटा करायचा, सर्वांत आधी सर्वांत दूरच्या गावात चित्र पोचवायचं आणि ते उपग्रहावरून पोचवायचं, असा त्यांचा आग्रह होता. ज्या देशाने तोवर स्वतःचा उपग्रह सोडला नव्हता, त्या देशात हे बोलायला धाडस लागत होतं. पण ते नुसतं बोलले नाहीत. १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन अहमदाबादला प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला दिल्लीभोवतालच्या ८० गावांत ‘कृषिदर्शन’ सुरू झालं. पुढे वर्षानुवर्षं घराघरांत दिसलेला हा कार्यक्रम मुळात एक तालीम होती. गावात सामायिक संच ठेवला तर लोक जमतात का, तो कोण सांभाळतो, शेतकऱ्याला त्यातून काही उपयोगाचं मिळतं का, हे त्यातून तपासायचं होतं. पुणे जिल्ह्यातलं आर्वीचं भूकेंद्रही याच दशकातल्या खटपटीचं फळ. ते परदेशी दळणवळणासाठी होतं, पण मोठी भूकेंद्रं आपले अभियंते बांधू शकतात हा विश्वास त्याने दिला. त्याला पुढे साराभाईंचंच नाव मिळालं.

१८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासाने आपला एटीएस-६ उपग्रह वर्षभर द्यायचा. जमिनीवरचं सगळं, म्हणजे भूकेंद्रं, संच, कार्यक्रम, देखभाल, भारताने करायचं. करारातली ही वाटणी मला फार मोलाची वाटते. उपग्रह उसना चालेल, पण प्रेक्षकापर्यंत जाणारी वाट आपली आपण बांधली पाहिजे, हे त्यात पहिल्याच दिवशी ठरून गेलं. ३० डिसेंबर १९७१ला साराभाई गेले. करार कागदावर होता, काम जवळजवळ सगळं उरलं होतं.

ते काम ज्यांनी तडीस नेलं त्यांत मराठी माणसं बरीच होती. मराठी वाचकांना त्याचा आनंद वाटेल, म्हणून नोंदवून ठेवतो. ‘साइट’चे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. साराभाईंचे ते सुरुवातीपासूनचे सहकारी, पुढे सॅकचे संचालकही झाले. पुण्यात जन्मलेल्या प्रमोद काळे यांचा यंत्रसामग्रीच्या बाजूत मोठा वाटा होता. सॅकचे त्या वेळचे संचालक प्रा. यश पाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. कार्यक्रम आणि समाज यांच्या बाजूने विचार करणाऱ्यांत किरण कर्णिक होते. भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते, चित्रपट शिकून आलेली मुलं-मुली आणि समाजशास्त्रज्ञ एकाच आवारात काम करत होते. वाहिनी काढणाऱ्या किती संस्थांनी नंतर असा मेळ घातला, हे आठवून पाहावं.

एटीएस-६ उडाला ३० मे १९७४ला. पहिलं वर्ष त्याने अमेरिकेत काढलं, अलास्का आणि ॲपलेशियातल्या दुर्गम वस्त्यांना शिक्षण आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. मग तो सरकवत सरकवत पूर्व रेखांश ३५ अंशांवर, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर आणला गेला. जुलै १९७५मध्ये अमेरिकन अपोलो आणि सोव्हिएत सोयूझ ही यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली, तेव्हाचा संपर्क याच उपग्रहाने सांभाळला. ते काम उरकून तो आपल्या चाकरीला रुजू झाला. त्याचं बलस्थान म्हणजे ९ मीटरची जाळीदार अँटेना, जी अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडली. एवढी मोठी अँटेना वर असल्यामुळे खालची लहान आणि स्वस्त असली तरी भागत होतं. साऱ्या योजनेचं अर्थकारण या एका गोष्टीवर उभं होतं.

खालची अँटेना कशी होती ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तीन मीटर व्यासाची तबकडी, पण ती पत्र्याची नव्हती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी धातूच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. उपग्रहाचा संदेश ८६० मेगाहर्ट्झवर येत होता. त्या तरंगलांबीला जाळीची भोकं इतकी बारीक, की तिच्या दृष्टीने जाळी आणि सलग पत्रा सारखेच. जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे वादळात तबकडी उखडत नाही. वजन कमी असल्याने ती सुटी करून जीपने गावात नेता येते आणि चार माणसं ती उभी करू शकतात. तोंड पश्चिमेला. ओडिशातल्या गावांत उपग्रह क्षितिजापासून तीसेक अंशांवरच दिसत असल्यामुळे पश्चिमेचं एखादं आंब्याचं झाड आड येणार नाही अशी जागा शोधावी लागे. तबकडीपासून निघालेली केबल एका छोट्या पेटीत जाई. उपग्रहाचा संदेश एका पद्धतीचा आणि साध्या टीव्हीला समजणारा दुसऱ्या पद्धतीचा, म्हणून या पेटीने त्याचं रूपांतर करायचं आणि मग तो काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या हवाली करायचा. आराखडा सॅकच्या अभियंत्यांचा, संच बनवले हैदराबादच्या ईसीआयएलने. सायन्स फिक्शनचे नामवंत लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ सालीच भूस्थिर उपग्रहांवरून प्रक्षेपणाची कल्पना मांडली होती. ते तेव्हा श्रीलंकेत राहत होते. आपल्या अभियंत्यांनी असाच एक संच त्यांच्या घरी नेऊन बसवला.

गावं निवडली ती राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या २० जिल्ह्यांत. रायपूर, संबळपूर, ढेंकानाल, मेदक, कर्नूल, रायचूर ही त्यांतली काही नावं. महाराष्ट्र या यादीत नव्हता. पण सोलापूरची हद्द ओलांडली की विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत हे संच होते. गाव निवडताना बहुतेक ठिकाणी वीज पाहावी लागली आणि देखभालीची जीप पोचेल असा रस्ताही. त्यामुळे जी सर्वांत मागे पडलेली गावं, त्यांतली कित्येक आपोआप गळली. साराभाईंच्या मूळ हेतूला इथे थोडी मुरड पडली, हे इतिहास लिहिताना सांगितलंच पाहिजे.

संच ठेवायचा कुठे, हा प्रश्न अभियंत्यांचा वाटत नाही, पण सगळ्यात जास्त विचार त्यावरच झाला असावा. सरपंचाच्या ओसरीवर ठेवला तर दलित वस्तीतली माणसं तिथे पाऊल टाकणार नाहीत. बायका तर नाहीतच. म्हणून अट घातली की जागा सार्वजनिक हवी, जिथे गावातल्या कुणालाही जाता येईल. बहुतेक ठिकाणी शाळा किंवा पंचायतीचं घर पुढे आलं. संचाचा एक राखणदार नेमला, तो बहुधा शिक्षक. किल्ली त्याच्याकडे. सकाळी वर्गात चालू करायचा, संध्याकाळी बाहेर आणून लोकांसमोर ठेवायचा, पावसात आत घ्यायचा, बिघडला तर वर कळवायचं. या माणसांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. त्यांच्यावाचून वाहिनीला एकही प्रेक्षक मिळाला नसता.

देखभालीची यंत्रणा तर मुळापासून उभारावी लागली. प्रत्येक राज्यातल्या गावांच्या गटासाठी देखभाल केंद्रं नेमली, तिथे तंत्रज्ञ, सुटे भाग, मोजमापाची उपकरणं आणि जीपगाड्या. गावात जाऊन सोल्डरिंग करत बसायचं नाही, बिघडलेला भाग काढून चांगला बसवायचा आणि बिघडलेला केंद्रावर आणून दुरुस्त करायचा, अशी पद्धत ठेवली. पावसाळ्यात ओढे भरले की गावं तुटायची, विजेचा दाब वर-खाली व्हायचा. तरी बहुतांश संच वर्षभर चालू राहिले. दूरचित्रवाणीचा संच म्हणजे काय हे ज्या गावांनी कधी पाहिलं नव्हतं, तिथे हे घडलं. उपग्रह उडवण्याचं कौतुक सगळे करतात, पण माझ्या दृष्टीने ‘साइट’चं सर्वांत मोठं तांत्रिक यश या जीपगाड्यांचं आहे.

प्रक्षेपण दोन पाळ्यांत होई. सकाळी दीड तास, ५ ते १२ वयाच्या शाळकरी मुलांसाठी, चार भाषांना वाटून. संध्याकाळी अडीच तास, मोठ्यांसाठी. त्यात अर्धा तास सगळ्यांना मिळून हिंदीतला, बातम्यांसकट. उरलेल्या वेळात हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड प्रेक्षकांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि थोडं गाणं-नाटक. अहमदाबादची १४ मीटरची तबकडी संदेश वर पाठवी आणि दिल्लीचं केंद्र जोडीला असे. दूरदर्शनने दिल्ली, कटक आणि हैदराबाद इथे खास निर्मिती केंद्रं उभारली. इस्रोचे स्टुडिओ अहमदाबाद आणि मुंबईत होते. मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओत तयार होत. महाराष्ट्रातल्या एकाही गावाला ते दिसले नाहीत, पण घडले ते इथल्या माणसांच्या हातून. धडा शिकवायचा नाही, मुलाच्या आजूबाजूला जे आहे, पाणी, सावली, मुंगी, चाक, तेच पुढे ठेवून त्याला प्रश्न पडू द्यायचे, असा त्यांचा कल होता.

रोज चार तास भरणं हे किती मोठं ओझं असतं ते वाहिनी चालवणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या दिवसाच्या आधी पुरेसा साठा हवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून तेच तेच दाखवण्याची वेळ येते. ‘साइट’लाही ही चणचण भासली. त्यापेक्षाही गहन प्रश्न भाषेचा निघाला. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांसाठी हिंदी एकच धरली होती. चंपारणचा शेतकरी भोजपुरी बोलतो, रायपूरचा छत्तीसगढी, जयपूरकडचा ढुंढाडी. दिल्लीत लिहिलेली हिंदी त्यांना कानाला परकी वाटे आणि भाताच्या रोपणीचा सल्ला ज्वारी-बाजरीच्या गावालाही ऐकावा लागे. तेलुगू आणि कन्नडसाठी चित्र एक आणि ध्वनी दोन अशी हुशार तांत्रिक सोय होती. पण चित्रातलं शेत, लुगडं नेसायची तऱ्हा, घराचं छप्पर ही एकाच बाजूची असायची. आवाज बदलला तरी गाव बदलत नव्हतं. शिवाय तो काळ आणीबाणीचा. ‘साइट’ सुरू होण्याच्या महिनाभर आधी ती लागू झाली होती, त्यामुळे सामायिक अर्ध्या तासातल्या बातम्या सरकारने सांगितलेल्याच असणार होत्या. लोकांनी उलट काही विचारावं, अशी वाट या वाहिनीत नव्हती. ही उणीव सॅकच्या माणसांना बोचत राहिली.

एक गोष्ट मात्र त्यांनी अशी केली की तिला आजही तोड नाही. वाहिनी सुरू होण्याआधीपासून समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ निवडक गावांत राहायला गेले. बिनोद अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे काम पुढे नेलं. सुरुवातीला संचापुढे शेकड्यांनी गर्दी व्हायची, मग ती ओसरून शंभराच्या आसपास स्थिरावली. सुगीत कमी, एरवी जास्त. यांतल्या पुष्कळांनी तोवर वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांपैकी काहीच अनुभवलं नव्हतं. आरोग्य आणि कुटुंबनियोजनाची माहिती वाढली ती निरक्षरांमध्ये आणि बायकांमध्ये जास्त. शाळेतली गळती मात्र टीव्हीने थांबली नाही. मुलांची भाषा सुधारली, चौकसपणा वाढला, पण ज्याला गुरं राखायला जायचं होतं तो गेलाच. शेतीच्या नव्या पद्धती फारशा कुणी उचलल्या नाहीत, कारण पडद्यावर सांगितलेलं बियाणं तालुक्याच्या दुकानात नव्हतं. हे निष्कर्ष दडवले गेले नाहीत, छापले गेले. याच काळात प्राथमिक शिक्षकांसाठी सुट्टीतली प्रशिक्षणं झाली, त्यात सुमारे ५०,००० शिक्षक सामील झाले. आकड्यांच्या दृष्टीने ‘साइट’चा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच असेल.

३१ जुलै १९७६ला करार संपला आणि एटीएस-६ पुन्हा पश्चिमेकडे निघून गेला. २,४०० गावांतल्या तबकड्या तशाच पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी जयपूर, हैदराबाद, रायपूर, गुलबर्गा, संबळपूर आणि मुझफ्फरपूर इथे जमिनीवरचे ट्रान्समीटर आले आणि काही गावांना पुन्हा चित्र दिसू लागलं. उरलेल्यांना पुष्कळ थांबावं लागलं. उसन्या उपग्रहावर उभ्या केलेल्या वाहिनीची ही किंमत होती. ती गावकऱ्यांनी मोजली.

या सगळ्याच्या सावलीत एक आणखी छोटी वाहिनी वाढत होती आणि मला ती जास्त प्रिय आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. सॅकने १९७५ सालीच तिथे १ किलोवॅटचा ट्रान्समीटर उभारला. त्याचा आवाका पस्तीसेक किलोमीटरचा. उपग्रहावरून आलेलं चित्र पकडायचं आणि आसपास पुन्हा सोडायचं, शिवाय स्वतःचे स्थानिक कार्यक्रम द्यायचे, अशी ही मिश्र पद्धत. अमूलचं आणंद तेव्हा याच जिल्ह्यात होतं. सुमारे ४०० गावांत सहाशेच्या आसपास सामायिक संच बसवले. दूध घालायला दोन्ही वेळा सगळ्या जातींची माणसं डेअरीवर येतातच, तिथे आणि शाळा-पंचायतीत. ‘साइट’चा उपग्रह गेला तरी पीज थांबलं नाही.

‘साइट’मध्ये जे जमलं नाही ते पीजमध्ये जमवायचा प्रयत्न झाला. प्रेक्षक एका जिल्ह्याचे, भाषा तिथल्या चरोतर भागाची गुजराती, तीही बोलीतली. संहिता लिहिण्याआधी लेखक गावात जाऊन बसे. कार्यक्रम अर्धा झाला की लोकांना दाखवून कुठे कळलं नाही ते विचारून घेत आणि मग पुन्हा बदलत. शेतमजूर, सावकारी, किमान वेतन, विहिरीवरचा भेदभाव या गोष्टी पडद्यावर आल्या. ‘चतुर मोटा’सारख्या मालिकेतून हुंडा आणि विधवाविवाह हे विषय करमणुकीच्या अंगाने आले आणि लोकांनी ते मनापासून पाहिले. सॅकच्या लोकांनी हलके, स्वस्त पोर्टेबल कॅमेरे वापरले. दिल्लीतल्या दूरदर्शनच्या मापाने चित्र थोडं भुरकट असेल, पण त्यात दिसणारी बाई शेजारच्या गावची असायची आणि ती स्वतःच्या शब्दांत बोलायची. तक्रार करणारा गावकरी एका बाजूला आणि उत्तर देणारा अधिकारी दुसऱ्या बाजूला, असं दूरचित्रवाणीवर आपल्या देशात आधी कुठे झालं असेल तर ते इथे. १९८४ साली या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला.

आणि पुढच्याच वर्षी पीज बंद पडलं. अहमदाबादला जास्त शक्तीचा ट्रान्समीटर आला, मग एका जिल्ह्यापुरता वेगळा खर्च कशाला, असा तो हिशोब. पीजच्या लोकांनी ट्रान्समीटर हलवायला विरोध केला, आंदोलन केलं. एखादं प्रक्षेपण केंद्र आपलं मानून गाव त्याच्यासाठी उभं राहिल्याची उदाहरणं फार नाहीत. हा निर्णय चुकीचा होता असं मला ठामपणे वाटतं. दूरदर्शनने पीजचं तंत्र उचललं आणि मन मागे ठेवलं. ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४मध्ये तर जवळजवळ रोज एक या वेगाने देशभर कमी शक्तीचे ट्रान्समीटर बसवले गेले. उपग्रहावरून चित्र घ्यायचं आणि आसपास सोडायचं, ही पद्धत पीजचीच. पण त्या ट्रान्समीटरांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता, स्वतःचा कॅमेरा नव्हता, स्वतःची बोली नव्हती. दिल्लीहून आलेलं तेवढं पुढे सोडायचं.

सॅकमधल्या कार्यक्रमांच्या विभागाला १९८३ साली वेगळं अस्तित्व मिळालं. त्याचं नाव डेव्हलपमेंट अँड एज्युकेशनल कम्युनिकेशन युनिट, म्हणजे ‘डेकू’, आणि पहिले संचालक किरण कर्णिक. इन्सॅटच्या काळात महाराष्ट्रही या नकाशावर आला. मुलांसाठी मराठी कार्यक्रम करायला पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ हा कार्यक्रमही उपग्रहावरून दिसू लागला. ‘बालचित्रवाणी’ तीन दशकं चालली आणि २०१७मध्ये बंद झाली. तिथे तयार झालेले मराठी कार्यक्रम, त्यांच्या टेपा, संहिता जपून ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. ‘साइट’चं संशोधन आज वाचायला मिळतं ते केवळ त्या वेळी कुणीतरी चिकाटीने लिहून, छापून ठेवलं म्हणून.

लोकांना उलट काही विचारता येत नव्हतं, ही ‘साइट’ची बोच ‘डेकू’ने मात्र विसरू दिली नाही. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआ या भिल्लबहुल जिल्ह्यात उपग्रहावरून नवी सेवा सुरू झाली. या वेळी उपग्रह आपला होता. १५० गावांत संच बसवले. कार्यक्रम शेती, आरोग्य, पाणलोट, पंचायत यांवरचे, आणि ते बनवताना तिथल्या भिली बोलीचा विचार आधी झाला. यात एक नवी गोष्ट होती. १२ गटमुख्यालयांत उलट बोलायची सोय बसवली होती. संध्याकाळी कार्यक्रम होत आणि इतर वेळी तिथे जमलेले पंच, अंगणवाडीच्या बाया, हातपंप दुरुस्त करणारे मेकॅनिक अहमदाबादच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला थेट प्रश्न विचारत आणि तो उत्तर देई. १९७५ला जोधपूर टेकऱ्यावरून आवाज एकाच दिशेने गेला होता. एकवीस वर्षांनी त्याच शहरात, त्याच परंपरेत वाढलेल्या माणसांनी हेडफोन कानाला लावले आणि झाबुआच्या गटमुख्यालयातून आलेला प्रश्न ऐकून तो कागदावर टिपून घेतला.